एक ओळ जादा

श्रीपाल आवटी गणपती पेठेतल्या अडत दुकानात
हळदीच्या पोत्यांचा हिशेब लिहीत.
मिरज जंक्शन त्यांनी दोनदाच ओलांडलं,
एकदा कुंभोजला, एकदा श्रवणबेळगोळला.
मेजर निरंजन मात्र दर महिन्याच्या सात तारखेला
बैरूतमध्ये उतरायचा.

मी खिळे जुळवायचो.
त्यामुळं निरंजन मला आधी उलटा भेटला,
डोकं खाली, पाय वर.
उलट्या मराठीत शिरोरेघ तळाला येते,
जमिनीसारखी.
तिच्यावरून तो चालत यायचा, पिस्तूल घेऊन.

हस्तलिखित पाठकोऱ्या पट्ट्यांवर.
पुढच्या बाजूला राजापुरी, एकवीस पोती, ओलावा अमुक,
मागच्या बाजूला कटकारस्थान,
आणि दोन्हीकडं पिवळी बोटं.
शत्रूच्या कुठल्याही हेरानं लेखक मिनिटात पकडला असता.

आवटी सूर्य बुडायच्या आत जेवत.
कांदा नाही, लसूण नाही, बटाटासुद्धा नाही.
निरंजन रात्री अडीचला व्हिस्की मागवी.
त्यात बर्फ किती घालतात, हे त्यांनी मला विचारलं.
मला, नमाज्याला!
मी आपलं म्हणालो, दोन खडे.
बावीस वर्षं तो दोन खड्यांवरच राहिला.

व्हिएन्नाचं भुयार म्हणजे हरिपूरचं पेव,
हे मी लगेच ओळखलं.
तोच काळोख, तोच कोंडलेला वास,
आत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचा तोच रिवाज.
डॅन्यूबला पूर आला तेव्हा
पुलावर लोक पाणी बघायला जमले होते,
भडंगाच्या पुड्या घेऊन.
पुड्या मी गाळल्या. त्यांना कळलं असणार.

एकशे बारावं पुस्तक त्यांनी गड्याबरोबर पाठवलं.
पद्मावतीबाईंना जाऊन पंधरा दिवस झाले होते.
शेवटच्या पानावर निरंजन इस्तंबूलच्या धक्क्यावर,
छातीत दोन गोळ्या.
‘नंतर समुद्रच तेवढा हलत होता.’
पूर्णविराम.

मी ओळ लावली
आणि स्टिक हातात धरून उभा राहिलो.
पानाच्या तळाशी एका ओळीची जागा उरत होती.
अशा जागी शिशाची कोरी पट्टी घालतात.
मी घातली नाही.
खण धुंडाळून अक्षरं काढली, एकेक:
‘कुणीतरी मनगट धरलं. नाडी लागत होती.’

प्रूफ त्यांच्याकडं गेलं आणि परत आलं.
पान सत्त्याण्णववर एक वेलांटी दुरुस्त केलेली.
शेवटच्या पानाला काहीच नाही,
कोपऱ्यात तेवढा हळदीचा अंगठा.

पुढच्या महिन्यात ते स्वतः आले.
कागद ठेवले, माठातलं पाणी प्याले, गेले.
पहिली ओळ होती:
‘निरंजननं डोळे उघडले, तेव्हा खाटेशेजारी बसलेल्या
अनोळखी माणसाच्या बोटांना शाई होती.’

यावर आम्ही कधी बोललो नाही.
त्या धंद्यात बोलायचं नसतंच.

मग ऑफसेट आलं. खिळे किलोवर गेले.
वाचनालयांनी निरंजन रद्दीत काढला,
त्यातून शेंगदाण्याच्या पुड्या बांधल्या गेल्या.
म्हणजे गाळलेल्या पुड्या परत आल्या म्हणायच्या.

मिरजेच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा पाच वाजले होते.
डबा उघडा, सूर्य अजून खिडकीत हातभर.
जेवायचं नाही म्हणाले.
मग, दस्तगीर,
बर्फ खरंच दोनच खडे घालतात का हो?

काय माहीत, मी म्हणालो.

ते हसले. खोकले. मनगट पुढं केलं.
माझ्या नावाचा अर्थच हात धरणारा.
धरला.
बोटांना आता शाई नव्हती.
मोजत राहिलो, मध्येच चुकलो,
पुन्हा एकपासून सुरू केलं.